आमच्या वस्तीचा कॅन

माझ्या सत्काराच्या प्रत्येक भाषणात कुणी ना कुणी म्हणतंच, की हिला गोळाफेक मास्तरांनी शिकवली. मास्तरांचे उपकार आहेतच, पण खरं सांगायचं तर मला ती खडीनं शिकवली. बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते आणि जळकोटच्या अलीकडं रस्त्याचं दुष्काळी काम चाललं होतं, तिथं आईबरोबर जात होते. खाणीतले दगड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरायचे. बायका डोक्यावर घमेलं घेऊन फळीवरून वर चढत, ओतत, उतरत. मला त्या फळीचा भारी कंटाळा. शिवाय ऊन असं, की फळी तळव्यांना भाजायची. म्हणून मी खालीच उभी राहायची, दगड खांद्याशी घ्यायची आणि वर लोटून द्यायची. नुसत्या हातानं भिरकावला तर तो कडेवर आपटून परत अंगावर येई. गळ्याशी धरून, गुडघ्यात वाकून, सगळ्या अंगानं रेटला तर गुपचूप आत जाऊन पडे. मुकादमानं आधी शिव्या घातल्या, कुणाचं तरी डोकं फोडशील म्हणाला. दोन दिवसांनी त्यानंच मला ट्रॉलीच्या मागं कायमची उभी केली, कारण ट्रॉली लवकर भरायला लागली होती. संध्याकाळी मजुरांना वाटायच्या सुकडीच्या पिठाचा वाटा मात्र मला लेकराचाच मिळायचा, म्हणजे अर्धा. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुष्काळ सरला, मी शाळेत रमले, आणि नववीत असताना खेळाचे नवे मास्तर आले. आमच्या हायस्कुलात खेळाचं सामान म्हणजे हवा गेलेला एक फुटबॉल. पण हेडमास्तरांच्या खोलीतल्या कपाटाचं दार लागत नसे, ते उघडू नये म्हणून त्याला एक लोखंडी गोळा टेकवून ठेवलेला होता. तो कुठून आला, कशासाठी आला, कुणाला ठाऊक नव्हतं. मास्तरांनी तो पाहिला आणि त्यांना हर्ष झाला. मुलींचा चार किलोचा गोळा होता तो. त्यांनी आम्हा सगळ्या पोरींना मैदानात उभं केलं. बाकीच्या पोरी चिंचा पाडायला दगड मारावा तशा फेकत होत्या आणि गोळा त्यांच्याच पायाशी पडत होता. माझी पाळी आली तेव्हा मी तो गळ्याशी घेतला, वाकले आणि लोटला. मास्तर गोळ्याकडं बघायचे सोडून माझ्याकडंच बघत राहिले. हे कुणी शिकवलं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ट्रॉलीनं. उलट उत्तर दिलं असं वाटून हेडमास्तर माझ्यावर डाफरले.

त्या दिवसापासून कपाटाला वीट लागली आणि गोळा माझ्या हातात आला. ओढ्याच्या कोरड्या पात्रात मास्तरांनी दोरी आणि खुंटीनं वर्तुळ आखून दिलं. माझे वडील बांधकाम खात्यात मैलकुली होते. रस्ता मोजायची खात्याची फीत ते रविवारी घरी आणत आणि माझा गोळा किती लांब गेला ते मोजत. सरकारी फीत असल्या कामाला वापरल्याबद्दल मनात थोडी भीती बाळगूनच मोजत. गावात टिंगल व्हायचीच. ह्या दंडाच्या पोरीला नवरा करायचा तर तालमीत शोधावा लागेल, असं एक म्हातारी ओढ्यावर येऊन मला ऐकवून गेली. मी तिला म्हटलं, तुमच्या नातवाला पाठवा, मोजून घेते. ती पुन्हा आली नाही.

तुळजापूरला तालुक्यात मी पहिली आले, उस्मानाबादला जिल्ह्यात दुसरी. परत आल्यावर मास्तर आमच्या घरी आले. आमची वस्ती गावाच्या कडेला, धर्मांतरानंतर बौद्ध झालेल्या वीसेक घरांची. गावचा मास्तर आमच्या ओट्यावर बसून चहा पितो, हेच आईला इतकं मोठं वाटलं, की तिनं साखर दुप्पट घातली. मास्तर म्हणाले, पोरीचा हात लोखंडाचा आहे, पण गोळ्यामागं अंगाचं वजन लागतं आणि हिच्या अंगावर काही नाही. हिला रोज दूध द्या. आई नुसती मान हलवत राहिली. मास्तरांच्या हातातला चहा कोरा होता आणि दारात म्हैस बांधलेली होती. ते त्यांनाही दिसलं असणार.

दारात म्हैस आणि घरात कोरा चहा, हे कसं, ते सांगायला हवं. गावात दूध संस्था नवी निघाली होती. सकाळी सगळ्यांनी दूध आणायचं, सेक्रेटरी प्रत्येकाच्या दुधात काचेची डिग्री सोडून बघणार, माप घेणार, कार्डावर लिहिणार आणि दूध मोठ्या कॅनमध्ये ओतणार. डिग्री म्हणजे ती काचेची नळी, दुधात पाणी असलं की खाली बुडणारी. जेवढं दूध कार्डावर, तेवढी म्हशीला पेंड. पाऊस पुन्हा रुसलेला, हिरवा चारा कुठं बघायलाही नाही, त्यामुळं पेंडीवरच म्हैस उभी होती. पण आईला संस्थेचं खरं अप्रूप दुसऱ्याच गोष्टीचं होतं. गावातल्या हॉटेलात आमच्या वस्तीची कपबशी अजून वेगळी होती, बाहेरच्या कोनाड्यात पालथी घातलेली. आणि इथं तिचं दूध पाटलाच्या दुधात पडत होतं. वस्तीतून संस्थेला दूध घालणारी ती पहिली. तिच्या मागून आणखी पाच बायका आल्या. किटली घेऊन निघताना ती धुतलेलं लुगडं नेसायची. "एकदा कॅनमधी गेलं की कुणाचं दूध कुणाचं, ते दुधाला बी ठावं न्हाय," असं ती हसून म्हणायची. हे वाक्य मी तेव्हा इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा वीट आला होता.

मास्तर येऊन गेल्यावर चार दिवसांनी आईनं मला पहाटे गोठ्यात हाक मारली आणि म्हशीच्या आडोशाला पेलाभर धारोष्ण दूध हातात दिलं. हे रोज व्हायला लागलं. मी एकदाच विचारलं, दूध संस्थेला कमी पडत नाही का? म्हशीनं दूध वाढवलंय, ती म्हणाली. भर उन्हाळ्यात, वाळल्या कडब्यावर म्हैस दूध वाढवते, यावर मी विश्वास ठेवला. सोळा वर्षांची घोडी होते, म्हशीत वाढलेली होते, तरी ठेवला, कारण दूध गोड होतं आणि गोळा लांब जायला लागला होता. पुढल्या वर्षी मी जिल्ह्यात आणि विभागातही पहिली आले आणि पुण्याच्या राज्य स्पर्धेसाठी माझी निवड झाली. वडिलांची दहा मीटरची फीत आता ओढ्यात पुरेना, ते एक खूण करून फीत पुढं सरकवायचे.

स्पर्धेला महिना उरला असताना एक दिवस शाळेतून येताना संस्थेच्या भिंतीवरच्या फळ्यासमोर गर्दी दिसली. फळ्यावर खडूनं आईचा सभासद नंबर लिहिला होता, पुढं नाव, आणि खाली: पाणी मिसळल्याबद्दल आठ दिवस दूध बंद. संस्थेचा नियमच होता तो. आईच्या आधी दोघांची नावं त्या फळ्यावर लागून गेली होती, एक तर चेअरमनच्या चुलतभावाचं. त्यांचं नाव पुसलं, विषय संपला. आईच्या वेळी तसं झालं नाही. दोन दिवसांनी सभासद जमले आणि ठरलं, की आता वस्तीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घ्यायचं. सहाही घरांचं. एक जुना कॅन काढला आणि ओळखू यावा म्हणून त्याच्या गळ्याला लाल चिंधी बांधली. गंमत अशी, की सोलापूरला गेल्यावर दोन्ही कॅनमधलं दूध एकाच टाकीत पडायचं आणि हे सगळ्या गावाला माहीत होतं.

वस्तीतल्या बाकीच्या पाच बायकांनी आईशी बोलणं टाकलं. त्यांची काय चूक? त्यांनी पाण्याचा थेंब घातला नव्हता. हापशावर आई गेली की त्या घागर तशीच ठेवून बाजूला व्हायच्या. मी घरी आले आणि आईला नको नको ते बोलले. चोर म्हणाले. तुझ्यापायी सगळ्या वस्तीच्या तोंडाला काळं लागलं, असं म्हणाले. ती भाकरी थापत होती. किटली विसळल्याचं पाणी तळाशी राहिलं असंल, एवढंच ती म्हणाली आणि थापत राहिली.

आठ दिवस सगळं दूध घरीच होतं. चौथ्या दिवशी, दह्यासाठी मोजून विरजण लावावं म्हणून मी संस्थेनं सभासदांना दिलेलं लिटरचं माप घेतलं आणि सकाळची धार मोजली. बरोबर चार लिटर. मग कोनाड्यातलं कार्ड काढून पाहिलं. महिन्यामागून महिने, रोज सकाळी चार लिटर. म्हशीनं दूध कधी वाढवलंच नव्हतं. मी पेलाभर प्यायचे आणि तेवढंच किटलीत कुठून तरी भरत होतं.

मी कार्ड घेऊन आईसमोर बसले. काही विचारायची गरज पडली नाही. ती म्हणाली, "म्हशीचं दूध दाट हाय आपलं. पेलाभर पाणी पडलं तरी गावातल्या गाईच्या दुधापरीस दाटच ऱ्हातंय. म्या कुणाला फशिवलं?" ती खरोखर विचारत होती. सायीवर बोट फिरवून दूध ओळखणारी बाई ती, तिला वाटलं काचेची नळीही तसंच ओळखत असेल. नियम असला तरी सकाळच्या घाईत सेक्रेटरी रोज डिग्री सोडत नसे, म्हणून इतके महिने ते निभावलं होतं. मी विचारलं, मग अर्धा लिटर कमीच का नाही घातलंस? पेंड तुटली असती, ती म्हणाली. आणि खाली बघत म्हणाली, "तुझा भाऊ कोऱ्या च्यावर कामाला जातो. तुझा बाप बी. पोरीला दूध पाजते म्हणून कोणाला सांगू म्या?"

मला रडू आलं नाही. मला संताप आला, आणि तो तिचा नव्हता. मी उठले, सेक्रेटरीला जाऊन सगळं सांगते म्हणाले. तिनं माझं मनगट धरलं. माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाली. चोर म्हणवून घ्यायला तिची तयारी होती. पण घरच्या पुरुषांना डावलून लेकीला दूध पाजलं, हे चारचौघांत निघू द्यायला नव्हती. आज मी साठी ओलांडली आहे, तरी हे मला पुरतं कळलंय असं म्हणवत नाही.

आठ दिवस संपले. आईनं पुन्हा धुतलेलं लुगडं नेसलं आणि अख्खं चार लिटर दूध नेऊन लाल चिंधीच्या कॅनमध्ये घातलं. पेला बंद झाला. मी पुण्याला गेले ती तीन आठवडे कोरा चहा पिऊनच.

पुण्याचं वर्तुळ सिमेंटचं होतं. ओढ्याच्या मातीत रुतणारे माझे पाय तिथं घसरले आणि पहिल्या दोन फेकी बाद झाल्या. मास्तर कुंपणाबाहेर उभे होते, त्यांना ओरडायची परवानगी नव्हती. तिसऱ्या वेळी मी बूट काढले आणि अनवाणी उभी राहिले. पंच काहीतरी पुटपुटला, पण नियमात बूट हवेतच असं कुठं लिहिलेलं नव्हतं. डोळ्यांसमोर मला ट्रॉलीची कड दिसत होती. मी गोळा लोटला. मला ढोल-ताशे ऐकू आले वगैरे काही नाही. टाळ्या पडल्या आणि मास्तर रुमालानं डोळे पुसताना दिसले, तेव्हा कळलं की पहिली आले.

गावात संस्थेनं सत्कार ठेवला. वेळ सकाळची, दूध घालून झाल्यावरची, कारण तेव्हा सगळं गाव तिथं असतं. चेअरमन, हार, नारळ, ब्लाऊजपीस. सडकेवर दुधाचा ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर अधूनमधून हॉर्न वाजवत होता. मला टेबलाशेजारी खुर्ची दिली होती. टेबलापासून चार पावलांवर कॅनची रांग होती आणि रांग सोडून हातभर बाजूला चिंधीचा कॅन. त्याच्या पलीकडं आमच्या वस्तीतल्या बायका, आणि त्यांच्यापासून थोडी दूर माझी आई. चेअरमन चांगलं बोलत होते. मनानं वाईट माणूस नव्हता तो. बोलता बोलता ते म्हणाले, ही आपल्या गावच्या दुधावर वाढलेली पोरगी आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आईकडं पाहिलं. ती पण टाळ्या वाजवत होती.

माझं डोकं फिरलं. मी हार काढून खुर्चीवर ठेवला आणि चिंधीच्या कॅनपाशी गेले. सेक्रेटरीला विचारलं, "ह्या दुधाला डिग्री लावली का?"

"लावली," तो म्हणाला.

"पाणी हाय का?"

त्यानं चेअरमनकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "न्हाय," म्हणाला.

मी झाकण काढलं. कॅन जेमतेम अर्धा भरलेला होता. तो मांडीवर घेतला, मग छातीशी, आणि गावाच्या शेवटच्या अर्ध्या कॅनमध्ये सगळा ओतला. घाई केली नाही. घाई केली असती तर सांडलं असतं. कुणी अडवलं नाही. अडवायला माझ्याजवळ यावं लागलं असतं आणि मी कशातली पहिली आहे ते नुकतंच भाषणात सांगून झालं होतं. रिकामा कॅन मी खाली ठेवला, तेव्हा त्याचा तेवढा आवाज झाला.

चेअरमनचा चेहरा उतरला होता. मागून एकजण म्हणाला, आता हे सगळं ओतून द्या. सेक्रेटरी म्हणाला, पाटलाचं बी त्यातच हाय, कुठलं ओतू? ट्रकनं पुन्हा हॉर्न दिला. सेक्रेटरीनं चिंधी सोडली, मोठ्या कॅनच्या कडेला लागलेलं दूध त्या चिंधीनंच पुसलं, झाकण लावलं आणि हमालाला हाक मारली. दोघांनी कॅन उचलून ट्रकवर चढवला. आई पुढं आली, कॅन होता तिथली जमीन तिनं नीट निरखून पाहिली आणि मला एवढंच विचारलं, की सांडलं का. सांडलं नाही, मी म्हटलं.

माझं पुढचं सगळं कात्रणांच्या फायलीत आहे. सलग काही वर्षं मी राज्यात पहिली येत राहिले, दोनदा देशपातळीवर खेळले आणि तिथं हरलेही. मग माझ्याहून दहा वर्षांनी लहान पोरीनं मला सहज मागं टाकलं. त्या दिवशी मी घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या. कळंबला मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका झाले, तिथूनच निवृत्त झाले. माझ्या हाताखालच्या पोरींच्या आयांना मीही तेच सांगत आले, हिला दूध द्या. त्या नुसती मान हलवायच्या. ती मान मी ओळखत होते, म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन बसायचे.

पण मला सांगायची होती ती सत्काराच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. आईनं धार काढली, किटली भरली, माझ्यासाठी वेगळं काही काढलं नाही. मग चुलीपाशी वडील आणि भाऊ चहा पीत बसले होते, तिथं ती किटली घेऊन आली आणि त्यांच्यासमोर पेला भरून माझ्यापुढं ठेवला. दोघं बघत राहिले. ती लुगडं बदलायला गेली. मी तिच्याबरोबर संस्थेत गेले. रांगेत वस्तीच्या बायका होत्या, गावच्याही होत्या. सेक्रेटरीनं डिग्री सोडली, ती नीट तरंगली. त्यानं माप घेतलं आणि कार्डाकडं पाहिलं.

"रोज चार असतंय. आज कमी कसं?"

माझी आई रांगेकडं वळली नाही, पण रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "घरी ठिवलं. माजी लेक पिती."

सेक्रेटरीनं कार्डावर साडेतीन लिहिलं आणि दूध मोठ्या कॅनमध्ये ओतलं.